'हे' म्हणजे नेहमी 'दिस' नव्हे

दुपारी तीनला भांडी आवरून आमच्या बचत गटातल्या सातजणी माझ्या ओसरीवर इंग्रजी शिकायला येतात. पहिल्याच आठवड्यात मी फळ्यावर लिहिलं होतं, 'हा, ही, हे म्हणजे दिस'. दुसऱ्या दिवशी एकीने टोपलीकडे हात करून 'दिस आर मँगोज' म्हटलं. आंबे अनेक, म्हणून हवं होतं 'दीज आर मँगोज'. पण तिने मी शिकवलं तेच केलं होतं. चूक माझ्या फळ्यावरची होती.

मराठीत 'हे घर' एक आणि 'हे आंबे' अनेक. 'ही चिंच' एक, 'ही केळी' अनेक. शब्द तोच राहतो, म्हणून त्याचं भाषांतर करायला जाऊ नका. वस्तूकडे बघा आणि दोनच गोष्टी ठरवा: एक की अनेक, जवळ की लांब. लिंगाचा विचार सोडा. तांब्या, वाटी, ताट, तिघांनाही दिसच.

ओट्यापाशी उभ्या राहून करा. हातातली वाटी दिस बाउल, फडताळावरची दॅट बाउल. हातात चार असल्या तर दीज बाउल्स, वर चार असल्या तर दोज बाउल्स. दिस-दॅटला इज, दीज-दोजला आर. बोट दाखवूनच बोला, तोंडाला लवकर सवय होते. 'दिस' आखूड आणि शेवटी स. 'दीज' लांब आणि शेवटी 'झरा'मधल्या झ-सारखा आवाज. हा फरक ऐकू आला नाही तर समोरच्याला एक की अनेक ते कळत नाही.

आता खरी अडचण. पैसे, केस, तांदूळ आपल्याकडे अनेकवचनी, पण इंग्रजीत दिस मनी, दिस हेअर, दिस राइस. उलट कात्री किंवा चष्मा एकच असला तरी दीज सीझर्स, दीज ग्लासेस. याला नियम शोधत बसू नका, शब्दासोबतच पाठ करा.

आणि माणसं! 'हे माझे वडील' हे डोक्यात ठेवून 'दीज आर माय फादर' म्हणू नका. इंग्रजीत आदरार्थी अनेकवचन नाही. 'ह्या माझ्या सासूबाई'लाही 'दिस इज माय मदर-इन-लॉ'च. एकीला हे अरेतुरे केल्यासारखं वाटायचं. तिला मी सांगितलं, ओळख करून देण्याची तिकडची सभ्य रीत हीच आहे. फोनवर स्वतःचं नावसुद्धा 'दिस इज सुनंदा' असंच सांगतात.

'व्हॉट इज दिस?' विचारलं तर उत्तर 'इट इज' ने सुरू करा, 'व्हॉट आर दीज?' ला 'दे आर' ने.

आज रात्री मिसळणाचा डबा उघडा आणि एकेक वाटीवर बोट ठेवा. हळद, मीठ: दिस. लवंगा: दीज. मोहरीपाशी मात्र थांबा. आपण 'ही मोहरी' म्हणतो, इंग्रजीत ती दीज मस्टर्ड सीड्स होते.