सापाची अंडी उबवताना पारा सांभाळा, पिल्लाच्या अंगावर तो दिसतो

आमच्या वाळवा तालुक्यात एप्रिल-मे म्हणजे पाया खणण्याचे आणि उकिरडे उपसण्याचे दिवस. जेसीबीच्या बकेटमधून धामणीची, दिवडाची अंडी वर येतात आणि सर्पमित्राला फोन जातो. जागा सुरक्षित असेल तर अंडी होती तशी झाकून ठेवावीत, हेच उत्तम. नसेल तर आधी वनविभागाची परवानगी घ्यायची, मगच हात लावायचा. हे साप वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात.

उचलताना अंडं फिरवू नका. वर असलेल्या बाजूला शिसपेन्सिलीने फुली मारा आणि ती शेवटपर्यंत वरच ठेवा. एकमेकांना चिकटलेली अंडी सोडवत बसू नका. खाली भिजवून घट्ट पिळलेलं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. मूठ दाबली तर पाणी ठिबकता कामा नये. एवढं झालं की सगळं लक्ष तापमानाकडे.

धामण, दिवड, नाग यांच्यासाठी मी २८ ते ३० अंश धरते. थर्मोकोलचा खोका, आत पाण्याने भरलेल्या बाटल्या, छोटा दिवा आणि डिजिटल थर्मोस्टॅट. त्याचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं टोक, झाकणाला चिकटवू नका, अंड्यांच्या शेजारी त्यांच्याच उंचीवर ठेवा. आपल्याकडे खरा धोका उन्हाचा आहे. पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात दुपारी पारा ३५ च्या पुढे सहज जातो, आणि थर्मोस्टॅट दिवा बंद करेल, गारवा देणार नाही. म्हणून खोका माजघरात जमिनीवर ठेवा, बाहेरून ओलं गोणपाट गुंडाळा, बाटल्यांतलं पाणी माठातल्या पाण्याने बदला. पाऊस लागला की रात्री पारा उतरतो, तेव्हा दिव्याचं काम सुरू होतं.

एवढा आटापिटा कशासाठी? सापाची नक्षी अंड्यातच उमटते. रंगाच्या पेशी पाठीकडून निघून कातडीत पसरतात, खवले घडतात, आणि हे सगळं कोणत्या वेगाने होणार ते उष्णतेवर ठरतं. वेड फॉक्स या अमेरिकी संशोधकाने १९४८ मध्ये गार्टर सापावर याचा अभ्यास प्रसिद्ध केला. हा साप पिल्लं घालतो, म्हणून त्याने गाभण माद्याच गार आणि उबदार जागी ठेवल्या. गारव्यातल्या माद्यांच्या पिल्लांना खवले कमी निघाले. म्हणजे ज्या खवल्यांच्या मोजणीवर आपण जात ओळखतो, तीसुद्धा तापमानाने हलते. परदेशात अजगर पाळणारे सांगतात की अंडी जास्त तापली तर ठिपके जोडले जाऊन पाठीवर सलग पट्टा येऊ शकतो. असा पट्टा पुढच्या पिढीत उतरत नाही.

म्हणून वेगळ्या नक्षीचं पिल्लू निघालं की लगेच ‘दुर्मीळ साप’ म्हणून फोटो फिरवू नका. आधी तापमानाची वही उघडा. माझ्या मते ही वही खोक्याइतकीच महत्त्वाची आहे: सकाळ, दुपार, रात्र, तीन आकडे रोज. पहिल्या आठवड्यांतले आकडे तर चुकवूच नका, कारण नक्षीचा पाया तेव्हा पडत असतो.

पिल्लं बाहेर आली की दिवडाच्या अंगावरचा बुद्धिबळाच्या पटासारखा ठिपक्यांचा क्रम पाहा, कुठे तुटलाय, कुठे जुळलाय. डोळ्यामागच्या दोन काळ्या रेघाही पाहा. पोटाचे खवले अर्धे किंवा दुभंगलेले आहेत का, तेही बघा. मग पाठीवरून नजर फिरवा: कणा वाकडा आहे का, शेपूट आखूड आहे का. फार उष्णतेत अंडी लवकर फुटतात, पण पिल्लं बहुधा लहान असतात, कधी बलक पूर्ण आत न जाताच बाहेर येतात. अशा पिल्लाला ओल्या स्वच्छ कापडावर राहू द्या, बलक ओढू नका.

एक गैरसमज मात्र पुन्हा पुन्हा ऐकू येतो, की पारा बदलला की नर-मादी बदलतात. ते कासवांत आणि मगरींत घडतं. सापांत लिंग गुणसूत्रांवर ठरतं.

अजगराची गोष्ट निराळी. मादी अंड्यांभोवती वेटोळं घालते आणि अंगाचे स्नायू थरथरवून ऊब तयार करते. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातल्या अशा मादीची मोजमापं १९६६ मध्ये प्रसिद्ध झाली. भोवतालची हवा गार झाली तरी ती अंडी उबदार ठेवत होती. मादी तिथे असेल तर तिला आणि अंड्यांना हलवू नका, माणसांना लांब ठेवा.

पहिली कात साधारण आठवडा-दहा दिवसांत पडते. ती जपून ठेवा, खवले मोजायला जिवंत पिल्लापेक्षा कात सोपी. त्यानंतर वनविभागाला कळवून, अंडी सापडली त्याच परिसरात, संध्याकाळी सोडा. कणा वाकडा असलेलं पिल्लू मात्र सोडू नका, वनविभागामार्फत पशुवैद्याला दाखवा.