फेचने पाठवलेला डेटा सर्व्हरवर रिकामा का दिसतो?

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळदीच्या सौद्यांची नोंद घेणारं साधं पान धरा: लॉट नंबर, पोती, क्विंटलचा दर. सबमिटवर प्रिव्हेंट-डिफॉल्ट, फेच (जावास्क्रिप्टमधून सर्व्हरला रिक्वेस्ट पाठवणारं फंक्शन), मेथड पोस्ट, हेडरमध्ये 'अ‍ॅप्लिकेशन/जेसन', बॉडीत स्ट्रिंगिफाय. एवढं तुम्हाला येतं.

आता पान 5500 पोर्टवर, सर्व्हर 3000 वर. पोर्ट बदलला की ब्राउझरच्या लेखी ओरिजिन, म्हणजे प्रोटोकॉल, होस्ट आणि पोर्ट मिळून होणारा पत्ता, वेगळं. कन्सोलमध्ये कॉर्सची (दुसऱ्या ओरिजिनशी बोलण्याच्या ब्राउझरच्या नियमांची) लाल अक्षरं येतात आणि कुणीतरी सांगतं, "मोडमध्ये 'नो-कॉर्स' टाक, होईल." टाकू नका. कारण न सांगता नुसती ओळ हातात देणाऱ्याचं ऐकूच नये, असं माझं ठाम मत आहे.

नो-कॉर्समध्ये ब्राउझर तीनच कंटेंट-टाइप जाऊ देतो: साधा टेक्स्ट, यूआरएल-एन्कोडेड आणि मल्टिपार्ट. तुमचा जेसनचा हेडर तो गुपचूप गाळतो आणि स्ट्रिंग साधा टेक्स्ट म्हणून पाठवतो. सर्व्हरवर एक्सप्रेस (नोडचं सर्व्हर-फ्रेमवर्क) असेल, तर त्यातला एक्सप्रेस-जेसन फक्त जेसनचा शिक्का असलेलीच बॉडी उघडतो. ही तो तशीच सोडतो, म्हणून रिक्वेस्ट-बॉडी एक्सप्रेस 4 मध्ये रिकामा ऑब्जेक्ट, 5 मध्ये अनडिफाइन्ड. वर उत्तरही झाकलेलं: स्टेटस 0, आतलं काही वाचता येत नाही. सर्व्हरने 400 दिला तरी पानाला कळणार नाही. एरर कुठेच नाही, आणि माणूस व्हेरिएबलची नावं, डेटाबेस, सगळं उकरत बसतो. यात तुमची अक्कल कमी पडलेली नसते. दिसायलाच काही नसतं.

दुरुस्ती सर्व्हरवर करायची. कॉर्स मिडलवेअर (रिक्वेस्ट राउटपर्यंत पोचण्याआधी चालणारं फंक्शन) राउट्सच्या आधी लावा आणि ओरिजिनमध्ये पानाचा पत्ता http:// पासून पोर्टपर्यंतच द्या, पुढचा स्लॅश आणि फाइलचं नाव सोडून. लाइव्ह सर्व्हर (पान 5500 वर दाखवणारं व्हीएस कोडचं एक्स्टेन्शन) बहुधा 127.0.0.1 वर उघडतो. तिथे लोकलहोस्ट लिहिलंत तर जुळणार नाही. मग नेटवर्क टॅबमध्ये पोस्टबरोबर एक ऑप्शन्स रिक्वेस्टही दिसेल. घाबरू नका, ती ब्राउझरने मागितलेली परवानगी आहे.

हळदीच्या नमुन्याचा फोटो फॉर्मडेटातून पाठवताना मात्र उलटं: कंटेंट-टाइप हाताने लिहूच नका. लिहिलात की बाउंड्री (भागांमधली खूण, जी ब्राउझर स्वतः हेडरमध्ये घालतो) हरवते आणि मल्टरला (सर्व्हरवर फाइल्स स्वीकारणाऱ्या मिडलवेअरला) भाग वेगळे करता येत नाहीत.

404 किंवा 500 आला तरी फेच कॅचमध्ये जात नाही, म्हणून आधी रिस्पॉन्स-ओके तपासा. आणि दराच्या खान्यातून येते ती स्ट्रिंग. बेरजेआधी नंबरमध्ये बदला, नाहीतर 12000 आणि 500 मिळून 12000500 होतात.