फ्लश नीट होत नाही? प्लंबरला फोन करायच्या आधी अर्धी बादली ओतून बघा

आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला कासारवडवलीत राहतो. मागच्या मे महिन्यात आमच्या एका टॉयलेटचा फ्लश बिघडला, म्हणजे बंद नाही पडला, बटण दाबलं की पाणी यायचं पण त्यात जोरच नसायचा, दोनदा तीनदा दाबल्याशिवाय काही जायचं नाही. आई ७२ वर्षांची, गुडघे दुखतात तिचे, आणि ती प्रत्येक वेळी बादली भरून ओतत होती, चार दिवस आम्हाला बोललीसुद्धा नाही. कळलं तेव्हा मला फार वाईट वाटलं. प्लंबर आला, उभ्या उभ्या बघितलं आणि म्हणाला सीट गेली, टँकसकट सगळं बदला, टाइल्स फोडाव्या लागतील. शेवटी जे निघालं ते घरच्या घरी साफ होण्यासारखं होतं, ते पुढे सांगतेच. घरात म्हातारं माणूस किंवा लहान मूल असेल तर हे काम उद्यावर टाकू नका, म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

आधी एवढं लक्षात घ्या की बिघाड टँकमध्ये असतो, नाहीतर भांड्यात, म्हणजे सीटमध्ये, नाहीतर भांड्याच्या पुढच्या लाईनमध्ये. तो कुठे आहे हे ठरवल्याशिवाय पाना हातात घेऊ नका आणि पैसेही खर्च करू नका.

बादली टेस्ट

भांड्यातलं पाणी काठाकडे चढलेलं दिसत असेल तर ही टेस्ट करू नका, सरळ चोकअपच्या भागाकडे जा. पाणी नेहमीच्या जागी असेल तर आंघोळीच्या बादलीत ७-८ लिटर पाणी घ्या आणि गुडघ्याच्या उंचीवरून, उडणार नाही अशा बेताने पण एका दमात भांड्यात ओता. मग्याने थोडं थोडं ओतून काही कळत नाही. भांड्याच्या मागे जो वाकडा पाईप असतो, ट्रॅप म्हणतात त्याला, त्यात वास वर येऊ नये म्हणून साधारण दोन इंच पाणी कायम उभं असतं, आणि घाण त्या वळणापलीकडे ढकलायची तर पाणी एकदम यावं लागतं. हळू आलं तर नवीन पाणी जुन्याची जागा घेतं आणि बाकीचं तिथेच तरंगत राहतं.

बादली ओतल्यावर सगळं झटकन गेलं तर लाईन साफ आहे, दोष टँकमध्ये किंवा भांड्याच्या काठात आहे. पाणी वर चढलं आणि हळूहळू उतरलं तर पुढे कुठेतरी अडकलंय. आमच्याकडे सगळं एका झटक्यात गेलं, म्हणजे सीट बदलायचा प्रश्नच नव्हता, पण हे मला तो प्लंबर गेल्यावर सुचलं.

टँक उघडा

बाहेर लावलेल्या प्लास्टिक टँकचं झाकण बहुतेक वेळा नुसतं वर उचललं की निघतं. मधोमध बटण असेल तर आधी बटणाची रिंग उलटी फिरवून काढावी लागते. भिंतीतला टँक असेल तर बटणाची पुढची प्लेट निघते, पण ती ओढाताण न करता काढा, क्लिप तुटली की वेगळी मिळत नाही.

आत उभी नळी दिसेल, ओव्हरफ्लो पाईप. भरलेल्या टँकमधलं पाणी या नळीच्या तोंडापासून साधारण एक इंच खाली पाहिजे. त्याहून बरंच खाली असेल तर टँक पुरता भरतच नाहीये. आधी खालचा अँगल कॉक, म्हणजे टँकला पाणी देणारा छोटा नळ, पूर्ण उघडा आहे का बघा, साफसफाई करताना धक्का लागून अर्धवट बंद झालेला असतो, आणि हे कारण वाटतं त्यापेक्षा खूप वेळा निघतं. मग फ्लोट, म्हणजे पाण्याबरोबर वर-खाली होणारा तरंगता भाग, बघा, बाजूला घासत असेल तर मोकळा करा, नाहीतर त्याचा स्क्रू फिरवून लेव्हल वाढवा.

एवढं करूनही टँक भरायला दहा-पंधरा मिनिटं लागत असतील तर जाळी जाम झालीय. आमच्याकडच्या बऱ्याच कॉम्प्लेक्समध्ये फ्लशिंगची लाईन वेगळी असते, तिला बोअरचं किंवा एसटीपीचं (सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटचं) पाणी येतं, उन्हाळ्यात टँकरचं, आणि शटडाऊननंतरचं पहिलं पाणी तर गढूळच असतं, ती सगळी बारीक रेती टँकच्या इनलेटच्या जाळीत जाऊन बसते. अँगल कॉक बंद करा, एकदा फ्लश करून टँक रिकामा करा, कनेक्शन पाईपचा नट सोडवा, जाळी पकडीने हलकेच ओढून काढा आणि जुन्या टूथब्रशने घासा. जाळी परत बसवायच्या आधी पाईपचं सुटं टोक बादलीत धरून कॉक दोन सेकंद उघडा म्हणजे पाईपात राहिलेली रेती निघून जाईल, नाहीतर पंधरा दिवसात परत तेच काम. नट लावताना आत रबर वॉशर असेल तर टेफ्लॉन टेपची गरज नाही, हाताने घट्ट केल्यावर पान्याने पाव वेढा बस्स, जास्त आवळलं तर प्लास्टिकचा आटा जातो.

टँक पूर्ण भरतोय पण जोर नाही? मग झाकण उघडं ठेवून फ्लश करा आणि आत बघत रहा. मधला व्हॉल्व्ह पूर्ण वर उचलला गेला पाहिजे आणि पाणी चार-पाच सेकंदात भसकन खाली गेलं पाहिजे. दोन बटणांच्या टँकमध्ये बटणाखाली आट्याच्या दांड्या असतात, त्या आखूड पडल्या तर व्हॉल्व्ह अर्धाच उचलतो, दांडी दोन-तीन वेढे फिरवून लांब करा. कोणी पाणी वाचवायला टँकमध्ये वीट किंवा बाटली टाकली असेल तर ती काढा, वीट तर भिजून झिजते आणि तिचा चुरा वॉशरखाली जातो.

नेरूळला माझ्या ताईचं घर जुन्या सिडकोच्या बिल्डिंगमध्ये आहे, तिच्याकडे वेगळीच भानगड निघाली. सीट जुनी, तिला मूळचा १० लिटरचा टँक होता, तो फुटल्यावर दुकानदाराने नवीन ड्युअल फ्लश दिला, मोठ्या बटणाला ६ लिटर आणि छोट्याला ३ लिटर. आता जुनं भांडं १० लिटरच्या हिशोबाने बनवलेलं, ते ६ लिटरमध्ये कसं साफ होणार. टँकमध्ये काही बिघाड नव्हता, जोडीच चुकली होती. १० लिटरचा टँक लावल्यावर त्याच सीटवर एका फ्लशमध्ये काम व्हायला लागलं. म्हणून टँक एकटा बदलणार असाल तर सीट किती जुनी आहे ते दुकानात आधी सांगा.

भांड्यात मागच्या बाजूने सारखी बारीक धार येत असेल तर तळाचा वॉशर कडक झालाय आणि टँक तुम्ही न वापरताच रिकामा होतोय. खात्री करायची तर टँकमध्ये कपड्याच्या निळीचे पाच-सहा थेंब टाका आणि अर्धा तास कोणाला फ्लश करू देऊ नका. भांड्यात निळसर पाणी उतरलं तर वॉशर गेला. जुना वॉशर पिशवीत घालून हार्डवेअरच्या दुकानात न्या, मापं वेगवेगळी असतात, नुसतं वर्णन सांगून बरोबर मिळत नाही.

भिंतीत प्रेशरचा फ्लश व्हॉल्व्ह असेल, म्हणजे टँकच नाही, तर मजला बघा. पाण्याच्या टाकीपासून दर १० मीटर खाली आलं की साधारण १ किलो प्रेशर वाढतं, म्हणजे टाकीच्या लगेच खालच्या मजल्याला अर्धा किलोसुद्धा मिळत नाही. तिथे व्हॉल्व्ह बदलून फरक पडत नाही, त्या लाईनला प्रेशर पंप लागतो नाहीतर साधा टँक बसवायचा.

काठाखालची भोकं, आमच्याकडचा खरा दोष

टँक बरोबर भरतोय, भसकन रिकामाही होतोय, बादली टेस्ट पास, तरी फ्लशला जोर नाही. असं असेल तर एक छोटा आरसा आणि मोबाईलचा टॉर्च घ्या, ग्लोव्ह्ज घाला आणि भांड्याच्या काठाखाली आरसा तिरपा धरा. काठाला आतून गोल ओळीने भोकं असतात, त्यातून पाणी चहूबाजूंनी खाली येतं. आमच्या भांड्याची पुढची सगळी भोकं बंद होती, वर पिवळट पांढरा थर, नखाने खरवडला तर दगडासारखा कडक, आणि त्याच्या कडेला गंजासारखी तपकिरी रेघ. पाणी फक्त मागच्या तीन-चार भोकांतून येत होतं, म्हणून भांड्याच्या एकाच बाजूने ओघळ यायचा आणि समोरची बाजू कोरडी राहायची. हा बोअरच्या पाण्याचा क्षार. रोज वरून ब्रश मारला तरी काठाच्या आत ब्रश जातच नाही, म्हणून तो दिसत नाही.

काढायचा कसा ते सांगते. किराणा दुकानातून सायट्रिक ॲसिड आणा, लिंबूसत्त्व म्हणूनही मिळतं, चार-पाच चमचे एक मग कोमट पाण्यात विरघळवा. आधी अँगल कॉक बंद करून टँक रिकामा करा म्हणजे रात्रीत कोणी चुकून फ्लश केलं तरी सगळं वाहून जाणार नाही. टिश्यूच्या जाड वळ्या करून त्या पाण्यात बुडवा आणि काठाखाली भोकांवर दाबून बसवा, वाळत आल्या तर परत थोडं पाणी सोडा. रात्रभर राहू द्या. सकाळी वळ्या काढून कचऱ्यात टाका (भांड्यात नाही!) आणि प्लास्टिकचं आवरण असलेल्या वायरचं टोक एकेका भोकात घालून फिरवा. उघडी लोखंडी तार वापरू नका, ग्लेझवर काळे ओरखडे उठतात. मला दोन रात्री लागल्या, कारण थर आठ वर्षांचा होता. दुसऱ्या दिवशी फ्लश केला तेव्हा पाणी सगळीकडून गोल फिरून आलं, आईला हाक मारून दाखवलं मी.

फेरीवाल्याकडचं स्ट्राँग ॲसिड मात्र ओतू नका, आणि ओतलंच असेल तर त्यावर ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचवालं क्लीनर अजिबात नको, दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू होतो, आणि आपल्या बाथरूमला खिडकी म्हणजे डक्टकडची एवढीशी फट. जीवावर बेतू शकतं.

पाणी चढतंय, म्हणजे चोकअप

टॉयलेट पंप चांगला मोठा, खाली रबराची ओठासारखी कडा असलेला घ्या, बेसिनचा चपटा चालत नाही. पंपाचं रबर पाण्यात बुडलेलं पाहिजे, पाणी कमी असेल तर थोडं घाला. पहिला दाब हळू, आतली हवा निघू दे, मग तोंड न सोडता पंधरा-वीस वेळा वर-खाली करा. खाली दाबण्यापेक्षा वर खेचण्याने अडकलेली वस्तू जास्त सुटते. नसेल सुटलं तर भांडी घासायचं लिक्विड अर्धा कप ओतून वर कोमट पाणी घाला आणि अर्ध्या तासाने परत पंप मारा. उकळतं पाणी नको, भांडं तडकतं.

बेबी वाइप्स, पॅड, कापूस, डायपर, आणि काठाला लटकवायच्या सुगंधी वडीचा प्लास्टिकचा हूक, आत सापडतं ते बहुतेक यातलंच. पाकिटावर फ्लशेबल लिहिलेलं असलं तरी वाइप्स पाण्यात टिश्यूसारखे विरघळत नाहीत. टणक वस्तू अडकली असेल तर पंपाने ती अजून आत जाते, तेव्हा स्प्रिंग घेऊन येणाऱ्या प्लंबरलाच बोलवा.

तुमच्या घरातला दोष नसेल तर

फ्लश केल्यावर बाथरूमच्या जाळीतून गुडगुड आवाज येतो, किंवा वरच्यांनी फ्लश केला की तुमच्या भांड्यातलं पाणी हलतं, तर लाईनला हवा मिळत नाहीये. गच्चीवर जो पाईप उघडा सोडलेला असतो त्याची टोपी पडलेली असते आणि कबुतरांनी आत काड्या भरलेल्या असतात. सोसायटीला सांगा, ते काढून नवीन टोपी बसवली की काम होतं.

एकाच लाईनवरच्या दोन-तीन घरांत पाणी चढत असेल, किंवा तळमजल्यावर जाळीतून घाण वर येत असेल, तर चोकअप खालच्या पाईपात किंवा चेंबरमध्ये, म्हणजे बिल्डिंगखालच्या झाकणाच्या गटाराच्या खड्ड्यात आहे. वरच्या मजल्यांना फोन करून फ्लश आणि वॉशिंग मशीन थांबवायला सांगा, नाहीतर ते सगळं तळमजल्याच्या घरात जाणार. ताईच्या बिल्डिंगमध्ये जुलैत हेच झालं होतं, मोठा पाऊस, चेंबर तुडुंब आणि तळमजल्याच्या काकांच्या घरात पाणी.

चेंबर साफ करायला माणूस आत उतरवू नका, कितीही उथळ दिसला तरी, आणि कामवाला स्वतः तयार असला तरी. आतल्या वायूने दोन श्वासात शुद्ध जाते. २०१३ च्या कायद्याने सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणं गुन्हा आहे. ठाण्यातच २०१९ मध्ये एका सोसायटीचा एसटीपी साफ करताना तीन कामगार गेले. कमिटीला वरून जेटिंग करणारी, म्हणजे पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने लाईन मोकळी करणारी गाडीच मागवायला लावा, आणि गाडी यायच्या आधी चेंबरचं झाकण उघडं टाकून जाऊ नका, मुलं खेळत असतात.

जेटिंग झाल्यावर गाडीवाल्याला लगेच सोडू नका. एकाने चेंबरपाशी उभं राहायचं, दुसऱ्याने वरून एक-एक घराचा फ्लश मारायला लावायचा आणि प्रत्येक घराचं पाणी चेंबरमध्ये न अडखळता येतंय का ते बघायचं. ताईकडे तिसऱ्या मजल्याचं पाणी येतच नव्हतं, तेव्हा कळलं की त्यांच्या पाईपच्या वळणात अजून एक गोळा अडकलाय, आणि गाडी तिथेच होती म्हणून तोही निघाला.