धरण कुठल्या नदीवर? संगणकाला मराठी वाचून शिकवताना

संगणकानं मराठी मजकूर वाचून त्यातली माहिती आपली आपण वेचावी असं वाटत असेल, तर एकदम सगळं शिकवायला जाऊ नका, दोन नावांमधलं एकच नातं धरा. सातारा-सांगलीकडे 'धरण आणि नदी' हे नातं सोयीचं: धरणं भरपूर, आणि पावसाळ्यात त्यांच्या बातम्या रोजच्या.

सुरुवातीला बीज म्हणून तीन खात्रीच्या जोड्या द्या: धोम–कृष्णा, कण्हेर–वेण्णा, चांदोली–वारणा. कोयना आणि उरमोडी मुद्दाम वगळा. तिथं धरणाचं नि नदीचं नाव एकच, त्यामुळे वाक्यातलं नाव कशाचं हे यंत्राला उमगत नाही.

मजकुरासाठी मराठी विकिपीडियाचा डंप, म्हणजे सगळ्या लेखांची एकगठ्ठा फाइल, उतरवून घ्या. खरी मेहनत आहे सफाईत. 'साताऱ्यात' मधला ऱ्य दोन तऱ्हांनी टाइप होतो: कुणी ऱ वापरतो, कुणी र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह. ते जोडचिन्ह सरसकट पुसलंत तर 'सातार्यात' उरतं. आधी दुसरी तऱ्हा पहिलीत बदला, मग उरलेली जोडचिन्हं पुसा. वाक्यं पूर्णविरामावर तोडतानाही जपा. 'कोयनेची क्षमता १०५.२५ टी.एम.सी. आहे' याचे पाच तुकडे होतात.

मग सामान्यरूप. नुसतं 'कृष्णा' शोधलं तर 'कृष्णेवर', 'कृष्णेच्या', 'कृष्णेवरील' ही सगळी वाक्यं हातची जातात. म्हणून आधी प्रत्यय काढा, मग शेवटच्या 'े' चा 'ा' करा, पण तयार झालेलं नाव नद्यांच्या यादीत असेल तरच. यादीचा हा पहारा नसेल तर 'त' प्रत्यय काढणारा नियम जत तालुक्याचा 'ज' करून टाकतो!

आता बीजजोड्या जिथं एकत्र येतात ती वाक्यं काढा आणि दोन नावांमधले शब्द साचा म्हणून ठेवा; तोच साचा इतर वाक्यांत लावला की नव्या जोड्या सापडतात. 'अमुक धरण तमुक नदीवर' हा साचा भरवशाचा. 'तमुक नदीवरील अमुक' मात्र पूल आणि बंधारेही ओढून आणतो. प्रत्येक साच्याची पन्नास वाक्यं हातानं तपासा. दोन साचे प्रत्येकी ७० टक्के बरोबर असतील आणि दोन्ही एकच जोडी देत असतील, तर खात्री १ − ०.३ × ०.३, म्हणजे ९१ टक्के. हे गणित साक्षी स्वतंत्र असतील तरच चालतं. एकच बातमी दहा ठिकाणी जशीच्या तशी छापलेली असेल, तर ती एकच साक्ष.

स्वीकारलेल्या जोड्या बीजांत मिळवून हेच पुन्हा करायचं, पण एका फेरीत सर्वांत खात्रीच्या पाचच जोड्या स्वीकारा. घाई केली की घसरण होते: एक चुकीची जोडी चुकीचा साचा आणते, तो साचा आणखी चुका आणतो. कार्नेगी मेलन विद्यापीठात २०१० मध्ये सुरू झालेल्या 'नेल' ह्या, वेबवरचा मजकूर वाचून शिकणाऱ्या यंत्रणेनं इंटरनेटच्या कुकीज (संकेतस्थळं ब्राउझरमध्ये ठेवतात त्या छोट्या नोंदी) बेकरीच्या पदार्थांत टाकल्या होत्या, त्या अशाच. 'एका धरणाला एकच नदी' आणि 'जे धरण ते पूल नव्हे' हे दोन नियम लावले की बराच कचरा गळतो.

एक खास इथला सापळा आहे. सांगलीच्या पुराच्या बातम्यांत आलमट्टी हमखास येतं. आलमट्टी–कृष्णा ही जोडी बरोबरच आहे, पण केवळ शेजारी नाव दिसलं म्हणून 'आलमट्टी–सांगली जिल्हा' शिकलं तर चूक. ते धरण कर्नाटकात आहे. जिल्ह्यासाठी वेगळं नातं, वेगळी बीजं आणि वेगळे साचे ठेवा.