हे काम दिल्लीचे की पर्वरीचे? गोव्यात अधिकार कुणाचा हे शोधायची रीत

गोव्यात कुठल्याही प्रश्नासाठी पणजीत किंवा राज्याचे सचिवालय असलेल्या पर्वरीत एखादे खाते सापडतेच, आणि अर्ज दिला की पोचही मिळते. अडते ते नंतर, "विषय या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही" असे उत्तर आल्यावर. म्हणून अर्ज लिहिण्याआधी तीन गोष्टी वेगवेगळ्या काढाव्यात: कायदा कोणी केला, तो राबवतो कोण आणि परवान्यावर सही कोणाची. तिन्ही जागा एकच असतील असे गृहीत धरले की घोटाळा सुरू होतो.

पहिला शोध घटनेच्या सातव्या अनुसूचीत. तिथे संघसूची (केंद्राचे विषय), राज्यसूची आणि समवर्ती सूची (दोघांचे विषय) आहे. तिन्हींत नसलेला विषय कलम 248 नुसार संसदेचा. प्रत ताजी वापरा. शिक्षण आणि वने 1976 च्या 42 व्या दुरुस्तीने राज्यसूचीतून समवर्ती सूचीत गेली, पण जुन्या पुस्तकांवरून लिहिलेल्या अर्जांत ती अजून राज्याचीच असतात.

राज्यसूचीत विषय दिसला म्हणून थांबू नका. तिथल्या बऱ्याच नोंदींना "संघसूचीच्या अधीन" असे शेपूट असते. खाणींचेच बघा. नोंद 23 नुसार विषय राज्याचा. पण संघसूचीतील नोंद 54 च्या जोरावर संसदेने 1957 चा खाण व खनिज कायदा केला आणि राज्याचा हात तेवढा आखडला. लीज म्हणजे खाणपट्टा राज्य देते, तो कोणत्या रीतीने द्यायचे हे केंद्राचा कायदा सांगतो. 7 फेब्रुवारी 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील 88 लीजांचे दुसरे नूतनीकरण रद्द केले तेव्हा नूतनीकरण राज्याने केलेले होते आणि कसोटी केंद्रीय कायद्याची लागली. वाळू आणि बांधकामाचे चिरे मात्र गौण खनिजे. त्यांचे नियम त्याच कायद्याच्या कलम 15 खाली राज्य करते. लोहखनिज आणि चिरेखाण यांच्या तक्रारी एका अर्जात घालू नयेत, त्या दोन वेगळ्या वाटांनी जातात.

सगळ्यात गुंता नदीचा, कारण नदी एक असली तरी तिच्यावरचे अधिकार वाटलेले आहेत. म्हादई म्हणजेच मांडवी घ्या. पाणी राज्याचा विषय. पण नदी राज्यांची हद्द ओलांडते आणि वाद झाला की 1956 च्या कायद्याखाली केंद्र लवाद नेमते. म्हादई लवादाने ऑगस्ट 2018 मध्ये कर्नाटकाला 13.42, गोव्याला 24 आणि महाराष्ट्राला 1.33 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिले. खाली याच मांडवीला 2016 च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग केले आहे. गोव्यातल्या अशा सहा नद्यांत जुवारी, शापोरा, साळ, म्हापसा आणि कुंभारजुवे येतात. याचा अर्थ नदी दिल्लीला गेली असा काढला जातो, तो चुकीचा आहे. केंद्राकडे गेले ते नौकानयन आणि त्यासाठीच्या विकासापुरते नियंत्रण. फेरीबोट आजही राज्याचे नदी परिवहन खाते चालवते. बंदर कप्तान खातेही राज्याचे. मुरगाव बंदर तेवढे मोठे बंदर म्हणून केंद्राचे.

उलटही घडते. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 हा संसदेचा, पण त्यातील मुख्य वन्यजीव रक्षक राज्य सरकार नेमते. कलम 29 नुसार अभयारण्यात येणारे किंवा तिथून बाहेर जाणारे पाणी त्याच्या परवान्याशिवाय वळवता येत नाही. कायदा दिल्लीचा असला तरी किल्ली राज्याच्या खिशात असू शकते. अर्जदारांच्या नजरेतून नेमके हेच सुटते.

किनाऱ्यालगतच्या घराला तीन दारे ठोठवावी लागतात. सीआरझेडची, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राची, अधिसूचना केंद्राची, 1986 च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखालची. ती राबवणारे गोवा किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणही केंद्रानेच स्थापलेले, पण बसते गोव्यात. जमिनीचा वापर आणि आराखडा नगरनियोजन खात्याकडे, बांधकाम परवाना पंचायतीचा. परवाना हातात आहे म्हणून बाकी दोन मिळाले असे होत नाही. पाडकामाच्या बऱ्याच नोटिसांचे मूळ इथे आहे. प्राधिकरणाने पाडण्याचा निर्देश दिला तर दाद राष्ट्रीय हरित लवादाकडे, 30 दिवसांत. सरपंचाकडे हेलपाटे घालण्यात ते दिवस घालवू नका.

मासेमारीत अंतर मोजा. किनाऱ्यापासून 12 सागरी मैल, म्हणजे साधारण 22 किलोमीटर, राज्याचे मच्छीमारी खाते, त्यापलीकडे केंद्र. तक्रारीत जागेचे अक्षांश-रेखांश नसतील तर दोन्हीकडचे अधिकारी एकमेकांकडे बोट दाखवतात. राज्याचा कायदा शोधताना "गोवा, दमण व दीव" या नावाने शोधा: तो 1980 चा आहे आणि घटकराज्याचा दर्जा आला 30 मे 1987 रोजी.

वीज खाते राज्याचे, दर मात्र ते ठरवत नाही. गोवा आणि केंद्रशासित प्रदेशांसाठी मिळून एक संयुक्त वीज नियामक आयोग आहे. दरवाढीची हरकत त्याच्या जनसुनावणीत नोंदवायची; वीजमंत्र्यांना निवेदन दिल्याचा फोटो छापून येतो, तेवढाच.

राष्ट्रीय महामार्ग 66 वरच्या खड्ड्याचे काय? रस्ता केंद्राचा, पण गोव्यात बरीच कामे सार्वजनिक बांधकाम खात्याचा महामार्ग विभाग करतो. पत्र त्या विभागाच्या कार्यकारी अभियंत्याला आणि प्रत केंद्रीय रस्ते मंत्रालयाला.

एवढे करूनही ठरत नसेल तर माहिती हक्काचा अर्ज टाका, शुल्क 10 रुपये. तक्रार लिहू नका, कागद मागा: "अमुक परवाना कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली, कोणत्या अधिकाऱ्याने दिला, त्याची प्रत." माहिती दुसऱ्या प्राधिकरणाकडे असेल तर कलम 6(3) नुसार अर्ज पाच दिवसांत तिकडे वळवून तुम्हाला कळवावे लागते, ते वळवल्याचे पत्रच अनेकदा खरे उत्तर असते. 30 दिवसांत काही आले नाही तर पुढच्या 30 दिवसांत पहिले अपील. दुसऱ्या अपिलाला 90 दिवस: राज्याच्या कार्यालयाविरुद्ध गोवा राज्य माहिती आयोगाकडे, मुरगाव बंदरासारख्या केंद्रीय कार्यालयाविरुद्ध दिल्लीच्या केंद्रीय माहिती आयोगाकडे.