शिक्षणाचा एक भाग जर्मनीत: निर्वासित मित्रासाठी तयारीची यादी

जर्मनीत शिकायला आलेल्या आपल्या मराठी मुलांना ब्लॉक्ड अकाउंट (वर्षाच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं), विमा, शहरात नावनोंदणी ही यादी तोंडपाठ असते. त्यामुळे ओळखीचा एखादा सीरियन किंवा एरिट्रियन मुलगा "मलाही एक वर्ष जर्मनीत करायचंय" म्हणाला की आपण आपलीच यादी त्याला पाठवून मोकळे होतो. मीही तेच केलं होतं. मुलगा नेदरलँड्समध्ये निर्वासित म्हणून मान्यता मिळालेला, तिथेच बॅचलर्सची दोन वर्षं पूर्ण केलेला. माझ्या यादीतली पहिलीच ओळ होती, ‘पासपोर्टची मुदत तपास, संपत आली असेल तर वकिलातीतून नवा घे.’ पण ज्या सरकारपासून तो जीव वाचवून पळाला त्याच्याच वकिलातीत जाऊन पासपोर्ट मागितला, तर १९५१ च्या जिनिव्हा करारानुसार निर्वासित दर्जाच धोक्यात येऊ शकतो. त्याचा पासपोर्ट म्हणजे आश्रय देणाऱ्या देशाने दिलेलं प्रवासपत्र. मुदत त्याची तपासायची, आणि नवं हवं असेल तर तेही त्याच देशाकडून घ्यायचं.

तेव्हा कागद गोळा करायच्या आधी दर्जा नीट वाचून घ्या. जर्मनीच्या निवास कायद्यात कलम १६ बी, पोटकलम ७ हे याच मुलांसाठी आहे. युरोपीय संघाच्या दुसऱ्या सदस्य देशात ज्याला आंतरराष्ट्रीय संरक्षण मिळालं आहे आणि तिथे ज्याने उच्च शिक्षण सुरू केलं आहे, त्याला त्या शिक्षणाचा एक भाग जर्मनीत करण्यासाठी परवाना देता येतो. संरक्षण म्हणजे निर्वासित दर्जा किंवा दुय्यम संरक्षण (निर्वासिताच्या व्याख्येत न बसणाऱ्या, पण परत गेल्यास जिवाला गंभीर धोका असलेल्याला मिळणारं), दोन्ही चालतात. मात्र २०२२ पासून युक्रेनच्या लोकांना मिळालेलं तात्पुरतं संरक्षण यात बसत नाही आणि आश्रयाचा अर्ज अजून प्रलंबित असेल तर तोही नाही. स्वित्झर्लंड आणि नॉर्वे संघात नाहीत, आणि डेन्मार्क व आयर्लंड संघात असूनही या कलमामागच्या २०११ च्या युरोपीय निर्देशाला बांधील नाहीत. तिथला मित्र असेल तर आधी वकिलाला गाठा. उलट, पाच वर्षं होऊन कुणाला संघाचा दीर्घकालीन निवासी दर्जा मिळाला असेल, तर त्याच्यासाठी वेगळं आणि अधिक सोयीचं कलम आहे. त्याने इथे वेळ घालवू नये.

आत शिरायला तीन दारं आहेत. मूळ अभ्यासक्रमातच काही भाग संघाच्या दुसऱ्या सदस्य देशात करायची सक्ती असणं, संघाच्या किंवा सदस्य देशांमधल्या विनिमय कार्यक्रमातून येणं, किंवा आधीच्या देशात तोच अभ्यासक्रम किमान दोन वर्षं केलेला असणं. तिसऱ्या दाराने आलात तर जर्मनीतला मुक्काम ३६० दिवसांच्या वर जाता कामा नये. इथे एक गंमत आहे. बहुतेक विद्यापीठांत हिवाळी सत्र १ ऑक्टोबरला सुरू होतं आणि उन्हाळी सत्र ३० सप्टेंबरला संपतं. बेरीज ३६५. म्हणजे दोन सत्रं पूर्ण करायला १ ऑक्टोबरला पोचलेल्या मुलाचे दिवस २५ सप्टेंबरच्या आसपास भरतात. सप्टेंबरअखेर फेरपरीक्षा असेल तर पाच-सहा दिवस उशिरा येणंच शहाणपणाचं. अर्जात येण्या-जाण्याच्या तारखा लिहिण्यापूर्वी कॅलेंडर समोर घेऊन बोटांवर मोजा.

आता खरं काम. कायदा म्हणतो ‘देता येईल’. ‘द्यावा लागेल’ म्हणत नाही. त्यामुळे समोरच्या अधिकाऱ्याला काय दिसतं यावर बरंच अवलंबून. त्याला पाहायचं असतं ते एवढंच की हे शिक्षण नव्याने सुरू होत नाहीये, आधीचंच पुढे चाललंय. कलमातच तसे कागद मागितले आहेत. म्हणून आपल्या मुलांसारखं हेतुपत्र इथे फारसं कामाचं नाही. बालपणीची स्वप्नं नकोत. जुन्या विद्यापीठाचं सही-शिक्क्याचं ट्रान्सक्रिप्ट घ्या, त्यावर प्रत्येक विषयाचे क्रेडिट हवेत (वर्षाला साधारण ६०). त्याच विद्यापीठाकडून प्रवेश चालू असल्याचा दाखला घ्या, आणि जर्मनीत कोणते विषय घेणार, परत गेल्यावर ते कशात मोजले जाणार हे सांगणारं विभागाचं पत्र घ्या. विनिमयातून जाणाऱ्याकडे ‘लर्निंग अ‍ॅग्रीमेंट’ असतंच. इतरांनी तशाच धर्तीचं एक पान मागून घ्यावं. जर्मन विद्यापीठाचं प्रवेशपत्र याच्या जोडीला. हे चार कागद एकापाठोपाठ एक ठेवले की गोष्ट आपोआप कळते. मायदेशातली शाळेची प्रमाणपत्रं हरवली असतील आणि कुणी मागितलीच, तर युरोप परिषदेचा निर्वासितांसाठीचा पात्रता पासपोर्ट नावाचा एक दस्तऐवज आहे, तो मुलाखत घेऊन दिला जातो. पण ज्याची दोन वर्षं युरोपात झाली आहेत त्याला सहसा त्याची गरज पडू नये.

सगळ्या कागदांवरचं नाव आणि जन्मतारीख एकसारखी आहे का, ते एका बैठकीत तपासा. अरबी नाव रोमन लिपीत तीन प्रकारे लिहिलं जातं, एरिट्रियन मुलाच्या नावापुढे आडनावाच्या जागी वडिलांचं नाव असतं, आणि जन्मनोंद नसलेल्या कित्येकांची तारीख १ जानेवारी लागलेली असते. आपल्याकडे गुरुजींनी अर्ध्या गावाचा वाढदिवस १ जूनला लावला, त्यातलाच प्रकार. फरक दिसला तर प्रवासपत्रावरचं रूप प्रमाण धरून बाकीचे कागद दुरुस्त करून घ्या.

आश्रय दिलेल्या देशाचं परमिट शेंगेनमध्ये १८० दिवसांत ९० दिवस फिरू देतं, म्हणून ‘आधी जाऊ, मग तिथे अर्ज करू’ असं वाटतं. ते टाळा. परवान्यावर ज्यांचा हक्कच बनतो त्यांना कधी कधी आत येऊन अर्ज करता येतो. इथे तर ‘देता येईल’ आहे. राहत्या देशातल्या जर्मन वकिलातीतून दीर्घ मुदतीचा व्हिसा घेऊनच निघा. आणि कुणी कितीही सुचवलं तरी जर्मनीत पुन्हा आश्रयाचा अर्ज करू नका. दुसऱ्या सदस्य देशात संरक्षण मिळालेल्याचा अर्ज इथे सहसा ग्राह्यच धरला जात नाही.

पैसे आणि विमा आपल्यासारखेच. सप्टेंबर २०२४ पासून खर्चासाठी महिन्याला ९९२ युरो दाखवावे लागतात, वर्षाचे ११,९०४. शिष्यवृत्ती असेल तर रक्कम आणि महिने लिहिलेलं पत्र चालतं. आधीच्या देशाचं युरोपीय आरोग्य कार्ड असेल तरी जर्मनीतल्या सरकारी विमा कंपनीकडून विद्यापीठाला विमा असल्याचं कळवावं लागतं, त्याशिवाय नावनोंदणी अडते. काम वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस करता येतं.

परतीचं दार मात्र उघडं राहिलं पाहिजे, आणि हीच गोष्ट सगळे विसरतात. नेदरलँड्समध्ये बारा महिन्यांत आठ महिन्यांपेक्षा जास्त काळ बाहेर राहणार असाल तर नगरपालिकेच्या नोंदीतून नाव काढावं लागतं. दोन सत्रांत तेवढे महिने होतातच. नाव काढल्यावर परमिटचं, घराचं, भत्त्याचं काय होतं, हे निघण्याआधी तिथल्या स्थलांतर खात्याला विचारा आणि उत्तर लेखी घ्या. तोंडी उत्तरावर आमचा मुलगा जवळजवळ निघाला होता. परमिट आणि प्रवासपत्र दोन्हींची मुदत परतीच्या तारखेच्या बरीच पुढची असू द्या.

पोचल्यावर दोन आठवड्यांत शहरात नोंदणी. त्यासाठी घरमालकाची सही असलेला कागद घर ताब्यात घेतानाच मागा. निवास परवान्यासाठी परदेशी नागरिक कार्यालयाची अपॉइंटमेंट मिळायला महिने लागतात, तेव्हा ती व्हिसा हातात पडताच ऑनलाइन धरायची. फी साधारण १०० युरो. फोटो आता डिजिटलच लागतो, छापलेले आणू नका. निघताना शहरातली नोंद रद्द करून त्याची पावती घ्या. जर्मन ट्रान्सक्रिप्ट सेमिस्टर संपल्यावर कित्येक आठवड्यांनी येतं, म्हणून ते थेट जुन्या विभागाला पाठवायची विनंती परीक्षा विभागाकडे आधीच देऊन ठेवा.