व्हॅलोरंट: नेम सुधारण्याआधी क्रेडिटचा हिशोब

व्हॅलोरंट या पाच विरुद्ध पाच जणांच्या ऑनलाइन शूटिंग गेममध्ये हरलं की आधी स्वतःच्या नेमाला नावं ठेवली जातात, मग टीममेटच्या. खालच्या रँकमध्ये मात्र पुष्कळ राऊंड आधीच्या शस्त्रखरेदीच्या ३० सेकंदांतच हातचे जातात. दोघांकडे रायफल, एकाकडे स्पेक्टर (छोटी मशीनगन), उरलेले दोघे पिस्तुलावर. अशी टीम पैसाही घालवते आणि राऊंडही.

सुरुवातीला प्रत्येकाकडे ८०० क्रेडिट, म्हणजे गेममधले पैसे. राऊंड जिंकला तर ३०००, हरला तर १९००, सलग दुसऱ्यांदा हरला तर २४००, त्यापुढे २९००. प्रत्येक किलचे २०० वेगळे. व्हँडल किंवा फँटम ही रायफल २९०० ची, हेवी शील्ड (चिलखत) १००० चं. म्हणजे ३९०० हवेतच, अ‍ॅबिलिटीचे (पात्राच्या खास शक्तींचे) वेगळे.

समजा पहिला राऊंड गेला आणि खिसा रिकामा झाला. दुसऱ्या राऊंडला १९०० हातात येतात. त्यात १६०० ची स्पेक्टर घेऊन पुन्हा हरलात, तर तिसऱ्याला जेमतेम २७००, रायफलसुद्धा येत नाही. काहीच न घेता हरलात तर ४३००. पण तिघांनी स्पेक्टर घेतलीच असेल, तर तुम्हीही घ्या. एकट्याच्या बचतीचा काही उपयोग नाही. पुढच्या राऊंडला किमान किती क्रेडिट असतील हे खरेदीच्या स्क्रीनवरच दिसतं. तो आकडा ३९०० च्या खाली जात असेल तर हात आवरा.

बाराव्या राऊंडला मात्र उलटं. त्यानंतर बाजू बदलतात आणि सगळे पुन्हा ८०० वर येतात, म्हणून तेव्हा असेल नसेल ते खर्च करा. आणखी एक फटका पुष्कळांच्या लक्षात येत नाही: अटॅक करताना स्पाइक (बॉम्ब) न लावता वेळ संपली आणि तुम्ही जिवंत राहिलात, तर फक्त १००० मिळतात. स्वस्त पिस्तूल वाचवायला कोपऱ्यात लपणं म्हणजे शुद्ध तोटा.

रायफल कोणती? हेवी शील्डसह समोरच्याची हेल्थ १५० होते. व्हँडलची डोक्यात बसलेली एक गोळी कितीही लांबून १६० काढते. फँटम जवळून १५६, लांबून मात्र १५० पेक्षा कमी, म्हणजे समोरचा थोडक्यात वाचतो. लांबच्या गल्ल्या धरायच्या असतील तर व्हँडल. स्मोकमधून (धुराच्या पडद्यातून) मारायचं असेल तर फँटम, कारण तिच्या गोळीची रेघ शत्रूला दिसत नाही. दोन्ही वेळा पाय थांबल्यावरच ट्रिगर दाबा, पळताना गोळ्या कुठेही जातात.

स्पाइक लावायला ४ सेकंद, फुटायला ४५, निकामी (डिफ्यूज) करायला ७. साडेतीन सेकंद पूर्ण झाले की तेवढं काम टिकून राहतं. स्पाइक राखत असाल तर डिफ्यूजचा पहिला आवाज येताच बाहेर डोकावू नका, बहुतेकदा ती हूल असते. तीन मोजा, मग निघा.

काही वैताग मात्र खेळून सुटत नाहीत. चार मित्रांना एकत्र रँक्ड खेळता येत नाही. एक, दोन, तीन किंवा थेट पाच. मुंबई सर्व्हरवर पिंग (सर्व्हरशी संपर्काला लागणारा वेळ) कमी असूनही गोळ्या लागत नसतील, तर व्हिडिओ सेटिंगमधल्या स्टॅट्समध्ये पॅकेट लॉस (वाटेत हरवणारा डेटा) चालू करून बघा. वाय-फाय सोडून लॅन केबल लावली की बऱ्याचदा भागतं. शिवीगाळ करणाऱ्याला स्कोअरबोर्डवरून लगेच म्यूट करा, पण नकाशावर खुणेचा पिंग टाकणं थांबवू नका, त्याला शत्रू कुठे आहे ते कळायलाच हवं.